डावीकडचं सगळं

"आई, तो सायकलवाला बघा. केवढी टोपी घातलीय!"

मागच्या सीटवर सासूबाईंनी मान वळवून टोपी पाहिली. तेवढ्यात गाडी किंचित उजवीकडे सरकली आणि सायकलवाल्याला सोडून पुढे गेली. सुनेने श्वास सोडला.

समुद्राच्या कडेकडेने, भाड्याच्या गाडीतून चाललेली ही चार माणसं. स्टिअरिंगवर नवरा, त्याच्या डाव्या हाताला बायको, मागे नवऱ्याची आई आणि धाकटी बहीण. बहिणीला घरात टकळी म्हणत, कारण तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. पण आज टकळीलाही बोलायला फट मिळत नव्हती.

"वहिनी, पहिल्यांदाच घराबाहेर पडलीस का गं? सकाळपासून सायकल बघा, खांब बघा, दगड बघा! आईला डोळे आहेत की."

"आईंना आहेत," सून म्हणाली आणि पुढचं गिळलं.

गिळलं ते असं. मागे एका सकाळी दाढी करताना नवऱ्याला चक्कर आली. उठला तो ठणठणीत उठला, पण उजवा गाल गुळगुळीत आणि डावा साबणासकट, आणि हे त्याला आरशात दिसेना. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, पण मेंदूतली एक बारीक वाहिनी तुंबली होती. आता डावीकडचं दिसणार नाही. गाडी चालवणं बंद.

नवरा शहराच्या बसवर चालक. त्याचे वडीलही बसवर चालक. त्याने डेपोत पाठदुखी कळवली, आईला पाठदुखी सांगितली आणि बायकोला गप्प केलं.

"डॉक्टरला काय कळतं? समुद्राकडचा हा रस्ता एक ओरखडा न काढता पार केला, की मी बरा. सोमवारी बस बाहेर काढतो. तोवर कुणाजवळ अवाक्षर नाही."

बरं, गाडीत तरी त्याला सांगावं, तर तीही सोय नव्हती. सासऱ्यांनी मोडीत निघालेल्या बसमधली एक पत्र्याची पाटी घरी आणली होती. 'चालकाशी बोलू नये.' ती त्यांनी जेवायच्या टेबलापाशी, आपल्या खुर्चीमागे ठोकली. सासरे गेले, पाटी राहिली. आता त्या खुर्चीत नवरा बसायचा. या घरात स्टिअरिंगवरच्या माणसाला सूचना देणं म्हणजे त्याचं नाक कापणं. म्हणून सून सासूबाईंशी बोलत होती. ती बोलायची, तो सरकायचा. दोघांनी तसं ठरवलं नव्हतं. पहिल्याच वळणावर ते आपोआप जमून गेलं.

गाडीत आधीच्या कुणा भाडेकरूच्या अत्तराचा वास कोंडला होता. तिच्या बाजूची काच खाली होत नव्हती. बटण दाबलं की नुसतीच कुरकुरायची. पट्टा मानेला काचत होता. तिला एक विचार, एकच, शेवटपर्यंत करायचा होता. तो असा, की आज मी त्याला असं सांभाळत नेलं तर सोमवारी

"आई, कठडा किती जुना आहे नाही? आणि किती जवळ!"

तर सोमवारी तो बस काढणार, आणि बसचे थांबे तर सगळे डावीकडे, तिथे शाळेची मुलं रस्त्यात एक पाय टाकून

"मेंढ्या! आई, मेंढ्या!"

एक पाय टाकून उभी असणार. तेव्हा मेंढ्या बघा म्हणायला त्याच्या डावीकडे कोण असेल? मी तर घरी भांडी

"काय झकास वळण आहे. डावीकडे."

भांडी घासत असेन. म्हणजे त्याला पास करतेय ती मीच.

पुरा झाला एकदाचा विचार. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खुशीत शीळ घालत होता.

"दादा, पाठ बरी दिसतेय तुझी," टकळी म्हणाली.

"पाठच काय, सगळं बरंय. बघतेस ना, एक धक्का तरी लागला?" मग बायकोकडे मान न वळवता, "आणि तू जरा गप्प बस गं. डोकं उठवलंस. गाडी मी चालवतोय की तू?"

गाडी आपण एकटेच चालवतोय, असं त्याला खरंच वाटत होतं. हे तिला आत्ता कळलं.

ती गप्प बसली.

मग रस्ता, कठडा, कठड्यापलीकडे सकाळपासून तिने एकदाही धड न पाहिलेला समुद्र, कठडा जवळ, आणखी जवळ, दगडांच्या फटींतलं गवत मोजता येईल इतका जवळ, आणि तो शीळ घालतोय, आणि काचेला कठडा घासू लागेल असं वाटतंय, आणि ती हाक मारणार एवढ्यात खाडकन आवाज झाला.

त्याने ब्रेक दाबला. गाडी कठड्याला खेटून उभी राहिली.

"दगड उडाला असेल," तो म्हणाला.

डावा आरसा वायरला लोंबत होता. त्याने समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"अरे, आरसा तुटला तुझा!" सासूबाई म्हणाल्या. "लोंबतोय की डोळ्यांसमोर."

त्याने मान वळवली. वळवतच गेला, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. तेव्हा कुठे त्याला आरसा दिसला. सासूबाई ते बघत होत्या.

"रोज ताटातली अर्धी भाजी टाकून उठतोस," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, सुनेच्या हाताची चव गेली."

 

"उतरा," सून म्हणाली. पाटीखाली जेवणाऱ्या घरात चालकाशी ती पहिल्यांदा सरळ बोलली. "माझं दार कठड्यात अडकलंय. तुम्ही उतरल्याशिवाय मला बाहेर पडता येत नाही."

तो उतरला. ती पाय उचलून गिअरवरून पलीकडे सरकली. पण बाहेर नाही पडली. त्याच्या जागेवर बसली आणि सीट पुढे ओढली. लग्नाआधी ती बेकरीची व्हॅन चालवायची. लग्नानंतर कुणी विचारलं नव्हतं.

"अगं, कागदावर चालक मी आहे."

"मग कागदाला चालवू दे. नाहीतर त्या भाड्याच्या ऑफिसला फोन लावा, माझं नाव घाला म्हणावं. आणि सोमवारी मी तुमच्याबरोबर डेपोत येतेय. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

तो आईकडे बघत राहिला. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, परत घातला. "फोन लाव," त्या म्हणाल्या.

त्याने भर रस्त्यात उभं राहून फोन लावला, पडेल आवाजात तिचं नाव सांगितलं. तिने गाडी कठड्यापासून सोडवली. तो वळसा घालून आला, दार चाचपलं, डावीकडे बसला. आता त्याला रस्त्याची पलीकडची बाजू दिसत होती, आणि ती. समुद्र नव्हता.

तुटका आरसा दारावर टकटक करत राहिला.

"आई," शेवटी तो म्हणाला, "तो ट्रक बघ समोरून येतोय. केवढा मोठा."

तिला तो केव्हाचा दिसला होता. तिने काही न बोलता वेग कमी केला.