तीन दिवसांच्या आतली अळी

सेलूला जिजाबाईच्या घरामागे, केळीच्या बागेच्या कुंपणाला लागून, एक लाकडी मधपेटी होती. १९५८ सालच्या जानेवारीअखेर वर्ध्याच्या एका ग्रामोद्योग केंद्राने ती तिला दिली होती. अट एकच होती. एक मार्चला निरीक्षक येणार, तोवर पेटीत वसाहत नीट रुजलेली दिसली पाहिजे. नाही तर पेटी यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार. पुढचे नाव हिरालाल किराणावाल्याचे होते. त्याच्या अंगणात एक पेटी आधीपासून होतीच, त्याला जोडीला दुसरी हवी होती.

जिजाबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. घरात ती आणि तिची सातवीत शिकणारी मुलगी पंचफुला, दोघीच. खुरपे आणि विळा सोडला तर जिच्यातून काही पिकेल अशी स्वतःची वस्तू या घरात ही पहिलीच होती.

बागेत केळीच्या पानाखाली सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या मधमाशांचा नवा थवा येऊन लोंबला, तेव्हा नानाजी गुरुजींनी तो पेटीत भरून दिला. नानाजी वर्ध्याच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. केंद्राच्या पेट्या पाहायला ते दर बुधवारी मोटारीने सेलूला यायचे.

तिसऱ्या दिवशी पंचफुलाने मैत्रिणीला दाखवायला म्हणून पेटीतली, पोळे बांधायची एक चौकट वर उचलली. हाताला माशी चावली. तिने चौकट घाईने खाली सोडली आणि दोन चौकटींच्या मधे राणी माशी चेंगरली. लांब पोटाची ती एकच माशी तळाला पडलेली पंचफुलाने पाहिली. संध्याकाळी आईला सगळे सांगून टाकले.

जिजाबाईने तिला मारले नाही. नुसती म्हणाली, "आता बुधवारपर्यंत पेटीले हात लावू नोको."

बुधवारी नानाजींनी पेटीला कान लावला. आत नेहमीची गुणगुण नव्हती, रडल्यासारखा लांब सूर होता.

"राणी नाई तं अंडी नाई," ते म्हणाले. "आणि अंडी नाई तं माशा एक एक करून मरतील, जागा भरून निघायची नाई. जुनं पोळं असतं तर त्यातल्या अळीची त्यांनी स्वतःच राणी केली असती. पण हा थवा नवा, पोळं अजून रिकामं. दुसऱ्या पेटीतला अळ्या असलेला पोळ्याचा तुकडा आणून बांधा. हिरालाल देईल, मी सांगतो त्याले. चांगल्या अळ्या पाहून घेजा."

एवढे सांगून ते मोटार गाठायला गेले.

सेलूच्या आसपासचे निम्मे शेतकरी ज्वारीचे बी निवडायला जिजाबाईलाच बोलवत. ती खळ्यावर बसायची आणि शेकडो कणसांतून सगळ्यांत भरदार, टपोऱ्या दाण्यांची तेवढी बाजूला काढायची. तिने काढलेले बी उगवले नाही असे कधी झाले नव्हते. हिरालालच्या पेटीतल्या पोळ्यावरही तिने हाच हिशेब लावला. आपले सहाकोनी घर भरून गुटगुटीत झालेल्या अळ्या होत्या, तेवढा तळहाताएवढा भाग कापून घेतला. शेजारच्या घरांत डोळ्याला जेमतेम दिसतील अशा बारीक अळ्या होत्या. त्या तिला पोचट वाटल्या. त्या तिने सोडून दिल्या.

पुढच्या बुधवारी नानाजींनी तो तुकडा उचलून उन्हात धरला. सगळ्या घरांवर मेणाची सपाट झाकणे बसली होती.

"या सगळ्या कामकरी निघतील," ते म्हणाले. "राणी एकही नाई."

"काऊन? मी तं एकापेक्षा एक निवडल्या, गुरुजी," जिजाबाई म्हणाली.

"कोणत्या?"

तिने सांगितले. नानाजींनी तुकडा हलकेच पेटीत परत ठेवला. मग म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. चांगली अळी म्हणजे कोणती, हे मी सांगतलंच नाई. चला, हिरालालकडे जाऊ. दिवस थोडे राह्यले."

हिरालालची आई मनकर्णाबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. नानाजींना तिने सतरंजी दिली. जिजाबाई आणि पंचफुला अंगणात उभ्याच राहिल्या. सव्वा वर्षापूर्वी या मायलेकींच्या घराने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, तेव्हापासून मनकर्णाबाई त्यांच्याशी बोलताना आधी थोडी थांबायची.

"पुन्हा पोळं मांगाले आले?" हिरालाल हसत म्हणाला. "गुरुजी, माही पेटी काय धर्मशाळा हाय? एकदा देल्लं, यांनी वाया घालोलं. आन पेटी सुटली तं मलेच भेटणार हाय. मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"नोको देऊ," मनकर्णाबाई डाळीतून वर न पाहता म्हणाली. "उपेग काय त्याचा? मजुरनीच्या अळ्या त्या. मजुरनीच निघन. राणी व्हाले राणीच्या पोटी यावं लागते."

"त्या सगळ्या राणीच्याच पोटच्या आहेत, मनकर्णाबाई," नानाजी म्हणाले. "पेटीत अंडी घालणारी ती एकटीच. राणी होणारी आणि कामकरी होणारी, दोघी सख्ख्या बहिणी. अंड्यात काडीचा फरक नाई."

मनकर्णाबाईचा हात सुपावर थांबला.

"मंग एक राणी न् बाकीच्या राबाले, हे काऊन?" पंचफुलाने विचारले.

"तू शाळेत टकळीवर सूत काततेस ना? गुंडी करून कशी बांधून ठेवता?"

"घट्ट. पीळ देऊन."

"तशी बांधलेली गुंडी मागावर लागते का?"

"नाई. सोडा लागते पयले."

"हां. आता पाय. अळीचं अंग लहान लहान पेशींचं असते. तुझं-माझंही तसंच. एकेका पेशीच्या आत एक गाठोडं असते, त्याले केंद्रक म्हणतात. त्यात बारीक धागे. अंगात जे जे काम व्हायचं ते कसं करायचं, हे त्या धाग्यांवर ओळीनं मांडलेलं असते. एकेका कामाचा एकेक भाग, त्याले जनुक म्हणतात. आणि हा सगळा धागा, पुरा, प्रत्येक पेशीत असते."

"माह्या डोयात आन टाचेत एकच धागा?"

"एकच. डोळा कसा करायचा हे तुझ्या टाचेच्या पेशीतही आहे. पण तिथं तो भाग बांधलेला. सैल सुटलेला असते तेवढाच भाग कामाले लागते."

"मंग आमची माय पाठीनं कशी पायते?" हिरालाल म्हणाला. "दुकानाकडं पाठ करून बसली तरी गुळाचा खडा कोनं उचलला थे तिले समजते."

"तू उचलत जाऊ नोको, मंग नाई समजनार," मनकर्णाबाई म्हणाली. "बोलू दे त्यायले."

नानाजी हसले. "परदेशात एकानं चिलटासारख्या माशीच्या अळीतले हे धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाह्यले, मी मासिकात वाचलं. धाग्यावर मधे मधे फुगवटे दिसतात. तेवढ्या जागी धागा सैल झालेला. लाळेच्या पेशीत फुगवटा एका जागी, दुसऱ्या अवयवाच्या पेशीत दुसऱ्या जागी. धागा मात्र तोच. आता आपल्या माशीचं पाहा. राणीचं अंग आणि कामकरीचं अंग, दोन्ही कसं घडवायचं हे प्रत्येक अंड्यात आहे. पहिले तीन दिवस सगळ्या अळ्यांना दाया माशा दुधासारखं पांढरं अन्न देतात. मग कामकरीले मध आणि परागाचं जेवण सुरू होते. जिची राणी करायची तिले शेवटपर्यंत तेच पांढरं अन्न, पोहेल इतकं. त्यावरून आत कोणते भाग उघडायचे आणि कोणते बांधून ठेवायचे ते ठरते."

"अन्न पोटात जाते. आत गाठोड्यात कसं समजते?" पंचफुला म्हणाली.

"ते मले माहीत नाई," नानाजी म्हणाले. "अजून कोणालेच नीट माहीत नाई. शोध चालू आहे. पण एवढं नक्की, की तीन दिवस उलटून गेले म्हणजे कामकरीचं अंग घडायले लागते आणि मागं फिरता येत नाई. मग कितीही पांढरं अन्न द्या. जिजाबाईनं निवडल्या त्या अळ्या पाच दिवसांच्या होत्या. चांगल्याच होत्या, पण त्यांचं ठरून गेलं होतं."

जिजाबाई ओसरीच्या कडेशी आली. आता ती म्हणाली, "म्हंजे ज्या मी पोचट म्हनून टाकल्या, थ्याच."

"त्याच."

मनकर्णाबाईने सूप बाजूला सरकवले. "हिऱ्या, दे त्यायले तुकडा."

"माय, पेटी जाईन ना!"

"पेटी मांगून घेजो दुसरी. मले पाहाचं हाय, मजुरनीची राणी होते का नाई होत."

गोवरीचा धूर देऊन हिरालालने पेटी उघडली. या वेळी निवडायला पंचफुला बसली. तिने पोळे तिरपे करून उन्हाकडे धरले. काही घरांच्या तळाशी पांढऱ्या थेंबात स्वल्पविरामाएवढी अळी वळून पडली होती. तिने त्यावर बोट दाखवले. जिजाबाईने खाली वाकून बराच वेळ पाहिले, मग तेवढ्याच भागाला सुरी लावली. तुकडा तिने ओल्या फडक्यात गुंडाळला आणि दोघी जवळजवळ पळतच घरी आल्या. केळीच्या सोपटाने तो रिकाम्या चौकटीला बांधला.

चार दिवसांनी तुकड्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी एक कोठडी लोंबताना दिसली, तोंड खाली. शेजारी दुसरी, अर्धवट सोडलेली. पहिल्या खेपेच्या गुटगुटीत अळ्यांच्या माशा होऊन एव्हाना पेटीत त्या कामाला लागल्या होत्या. या शेंगेवर बसून ऊब देणाऱ्या माशांत त्याही असतील. हिरालाल एक दिवसाआड येऊन कुंपणावरून विचारून जायचा. "मायनं पाठोलं," एवढेच म्हणायचा. दोनदा त्याने आत येऊन स्वतः डोकावूनही पाहिले.

एक मार्चला निरीक्षक प्रभाकरराव आले. नानाजी त्या दिवशी वर्ध्याला तापाने पडून होते. प्रभाकररावांनी चौकटी एकेक करून पाहिल्या आणि वही काढली.

"अंडी नाहीत," ते म्हणाले. "माशाही कमी आहेत. बाई, ही पेटी द्यावी लागेल."

जिजाबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आठ दिस थांबा, साहेब."

"सगळेच आठ दिवस मागतात. यादीत लोक थांबलेले आहेत."

पंचफुला पुढे झाली. "साहेब, ह्या शेंगेचं टोक पाहा. गोल कापलं हाय, झाकण एका कडेले लोंबते. आतल्या राणीनं स्वतः कापलं. दुसऱ्या माशांनी मारली असती तं बाजूनं भोक पडलं असतं. गुरुजींनी सांगतलं. राणी परवाच निघाली. थे अजून उडून नरांकडं गेली नाई, म्हनून अंडी नाई."

"राणी दाखव मग."

तिने तीन चौकटी पाहिल्या. कोवळी राणी बारीक असते, धावते आणि सहज सापडत नाही. चौथीवरही नव्हती.

"ही शेंग जुनी नसेल कशावरून?" प्रभाकररावांनी विचारले.

उत्तर हिरालालने दिले. तो यादीतला पुढचा माणूस, म्हणून त्याला बोलावले होते.

"जुनी नाई, साहेब. मी चार दिसाआधी पाह्यली तवा टोक बंद होतं. पोळं माह्याच पेटीतलं हाय."

"तुम्ही यांच्या बाजूने बोलताय? पेटी तुम्हाला मिळणार आहे."

"काय करू? खोटं बोललो तं माय घरात घेनार नाई. ती रोज इचारते, राणी झाली का."

प्रभाकररावांनी शेंग बोटांत धरून पुन्हा पाहिली. त्यांनी नखाने ते झाकण हलवले, तसे ते लवले आणि परत जागेवर आले. मग वहीत लिहिले आणि मोठ्याने वाचले, "राणी निघाली असावी. अंडी पाहण्यासाठी पंधरा मार्चला पुन्हा भेट." वही मिटून ते हिरालालला म्हणाले, "तुमचं नाव तोवर जिथे आहे तिथेच."

"राहू द्या," हिरालाल म्हणाला.

दहा तारखेला जिजाबाईने कामावर जाण्यापूर्वी पेटी उघडली. मधल्या चौकटीवर घरांच्या तळाशी, बरोबर मधोमध, एकेक अंडे सुईच्या टोकासारखे उभे होते. तिने पंचफुलाला हाक मारली नाही. आधी स्वतः ओळीने पाहत गेली, प्रत्येक घरात एकच आहे ना याची खात्री करत; राणीने घातलेली अंडी घरात एकेकच असतात, हे गुरुजींनी सांगितले होते. मग चौकट दोन्ही हातांनी, कुठे काही चेंगरणार नाही अशी, हळूहळू खाली सोडली आणि झाकण लावले.