जिभेवरची हळद

‘गो, जीभ दाखवूक जातंस ना? मग सकाळी हळदीचा दूध पिवन जाव नको. जिभेक रंग चढता.’

विनिताताई जिन्यात मला हे म्हणाली तेव्हा मी हसून ‘हो हो’ म्हटलं. ती आमच्या शेजारची, मूळची कुडाळची, इथे कुवेतमध्ये एका इस्पितळात नर्स. दुसऱ्या दिवशी सवयीनं कपभर हळदीचं दूध पिऊनच मी घराबाहेर पडले. आईचा फोनवरून हुकूमच होता, बाळंतिणीनं सकाळचं हळद-दूध चुकवायचं नाही. एका कपानं काय होतंय?

जायचं होतं शहरातल्या शर्क भागात, एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे. माझी लेक चिमणी सहा महिन्यांची झाली तरी माझं वजन उतरत नव्हतं, उलट चढत होतं. फहाहीलच्या आमच्या इमारतीत प्रत्येकीकडे एकेक डाएट तयार होतं, पण मला खाणं तोडायची भीती वाटायची. चिमणी अंगावर पीत होती आणि दूध हल्ली कमी येतंय असा मला संशय होता. पिताना ती मधेच तोंड काढून रडायची, पाय झाडायची. माझं वजन उतरावं, पण तिच्या दुधातून उतरू नये, एवढंच मला हवं होतं. चिनी पद्धतीत आधी नाडी आणि जीभ बघून माणसाची प्रकृती ओळखतात आणि मग काय खायचं ते ठरवतात, असं ऐकलं होतं. मी बीएस्सी झालेली, चटकन विश्वास ठेवणारी नव्हे. पण जिभेवरून वजनाचं काय कळत असेल, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

डॉक्टर लिन साध्याशा, चष्मा कपाळावर सरकवलेल्या बाई. त्यांनी तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवून नाडी बघितली. मग म्हणाल्या, ‘जीभ.’

मी काढली.

‘पिवळा थर. दमट-उष्ण प्रकृती.’

‘म्हणजे?’

‘दोन बायका काट्यावर सारख्या भरतात,’ त्या सावकाश इंग्रजीत सांगू लागल्या. ‘पण एकीची चूल इतकी पेटलेली असते की भांडं उतू जातं. दुसरीची चूल नीट पेटतच नाही, शिजायचं तसंच पडून राहतं. दोघींना एकच डाएट कसं चालेल? तुमचं उतू जातंय. तळलेलं नको, आलं-सुंठ नको. काकडी, कलिंगड, मूग, जवाचं पाणी घ्या.’

‘काढा वगैरे?’

‘बाळ पितंय ना? मग काढा नाही. फक्त जेवण बदला.’

हे मला फार आवडलं. घरी येऊन नवऱ्याला, सुयोगला, सगळं रंगवून सांगितलं. तो वरण-भात कालवत म्हणाला, ‘म्हणजे आपल्याकडे पपई उष्ण आणि काकडी थंड, तेच ना? त्यासाठी शर्कपर्यंत टॅक्सी केलीस?’

‘तेच नाही. त्यांच्याकडे नऊ प्रकृती आहेत. जीभ दाखव.’

‘वीणा, मी जेवतोय.’

‘दाखव रे.’

त्यानं दाखवली. भातासकट.

‘मग? माझी प्रकृती कोणती?’

‘बडबडी.’

त्या दिवसापासून मला वेडच लागलं. लिफ्टमध्ये कुणी जांभई दिली तरी माझी नजर तोंडात. स्वतःच्या जिभेचे तर मी रोज फोटो काढायचे, न्याहारी झाली की खिडकीशी उभं राहून. रोज पिवळी. म्हणजे निदान बरोबर! तळलेलं, आलं-सुंठ मी सोडलं. हळद वर्ज्य आहे असं काही बाई म्हणाल्या नव्हत्या, त्यामुळे सकाळचं दूध चालूच होतं.

काकडी-कलिंगड खाऊन मी हलकी होईन असं वाटलं होतं. झालं उलटंच. काटा आणखी पुढे सरकला. दुपारी चिमणीला मांडीवर घेतलं की मलाच आधी डुलकी लागायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. थंडी तर इतकी वाजायची की जुलैत, बाहेर रस्ता वितळायची वेळ आलेली असताना, मी स्वेटर घालून बसायचे. पण कुवेतमध्ये त्याचं कुणाला काय वाटणार? एसीमुळे मॉलमध्ये, दवाखान्यात, घराघरांत बायका शाली पांघरूनच बसतात. सुयोग एसी कमी करायचा, मी मोज्यांचा आणखी एक जोड चढवायचे. आणि चिमणी तोंड काढून रडायची.

एका सकाळी तिनं मला फारच लवकर उठवलं. तिला पाजून झालं, तिला थोपटत खिडकीशी उभी होते, हातात फोन होता, म्हणून फोटो तेव्हाच काढून टाकला. दूध प्यायच्या आधी.

जीभ पिवळी नव्हतीच. फिकट, जाडसर, आणि दोन्ही कडांना दातांचे ठसे, मुरड घातलेल्या करंजीसारखे. मी फोटो मोठा करून बघितला. मग कपभर हळद-दूध प्यायले आणि पुन्हा फोटो काढला. पिवळी!

विनिताताईचा जिन्यातला आवाज कानात वाजला. आधी हसू आलं, मग प्रश्न पडला. मी इतके दिवस कुणाच्या प्रकृतीचं जेवत होते?

डॉक्टर लिन दोन्ही फोटो बघून आधी खळखळून हसल्या. ‘मी विचारायला हवं होतं, काय पिऊन आलात ते!’ मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हसू थांबलं.

‘हात असे गार केव्हापासून?’

‘एसीमुळे.’

‘बाहेरून आत्ताच आलात ना तुम्ही? उन्हातून?’

मी दुसरा हात गालाला लावून बघितला. तोही गारच.

‘तुमची चूल उतू जात नाहीये, विझत आलीये. माझ्या पुस्तकात याला थंड प्रकृती म्हणतात. काकडी बंद, गरम खा. पण हे मी नुसत्या जेवणावर सोडणार नाही. खाणं थोडं, वजन वाढतंय, थंडी, केस, झोप... आणि दूध?’

‘कमी होतंय,’ मी म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं ते. डोळे भरून आले.

‘आधी रक्त तपासा. थायरॉइड. आजच.’

संध्याकाळी विनिताताईनं तिच्या इस्पितळात नेलं. ‘दूध पियालंस मां शेवटी?’ सगळं ऐकून म्हणाली. ‘माका म्हायत होता!’ पण रक्त घ्यायला दंड बांधताना माझ्या हाताचा गारवा तिलाही लागला, आणि सुई लावायच्या आधी तिनं तो दोन्ही हातांत धरून चोळला.

थायरॉइड मंदावलेलंच निघालं. बाळंतपणानंतर असं काहींचं होतं, डॉक्टर म्हणाले. अंगावर पाजतानाही चालेल अशी गोळी त्यांनी दिली. दूध एकदम वाढलं नाही. पण काही आठवड्यांनी एके दुपारी चिमणी पिता पिता, तोंड न काढता, झोपून गेली. मी हललेच नाही. पायाला मुंग्या आल्या तरी तशीच बसून राहिले. वजनाचा काटा अजून सावकाशच चाललाय. चालू दे.

नऊ प्रकृतींचं माझं कुतूहल काही संपलेलं नाही. डॉक्टर लिनना मी अजून प्रश्न विचारते, हळद न पिता जाऊन. पण तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. तुमच्या इमारतीत, तुमच्या मजल्यावर, एखादी नवी बाळंतीण असेल. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेली, ‘एसी फार आहे हो’ म्हणणारी. तिच्या वजनाबद्दल काही बोलू नका, ते तिला सगळ्यांनी सांगून झालंय. आज जरा तिची बेल वाजवा. बाळाला घ्यायच्या निमित्तानं तिचा हात हातात घ्या, आणि गार लागला तर विचारा, रक्त तपासलंस का गं?