पाण्यावरचा पाहुणा

नव्या मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, थोरलीने बसायचं नाही, असं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण बसा, असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिला तेच झोंबलं होतं. सकाळचे पावणेआठ वाजले होते. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. तिने पर्स खुंटीला अडकवली, एकदा दाराकडे पाहिलं आणि धाकटीच्या स्टुलावर जाऊन बसली. कालचा एक तातडीचा ब्लॉक कापायचा राहिलाच होता, म्हणजे निमित्तही होतं. मेणाचा ब्लॉक पकडीत बसवून तिने चाक फिरवलं. काय लोण्यासारखं चालत होतं मेलं! पात्याखालून मेणाची रिबन उतरली. केसाहून पातळ, आणि तिच्या मधोमध कुणाच्या तरी गाठीचा नखाएवढा काप. तिने ती शेजारच्या वॉटरबाथमधल्या कोमट पाण्यावर तरंगत सोडली, सुरकुत्या गेल्यावर खालून काचेची स्लाइड घालून अलगद उचलली.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. धाकटीच्याच. स्वतःच्या प्रयोगशाळेत थोरली चोरासारखी उठली आणि स्लाइड पदराआड धरून आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"आज लवकर आलात, ताई?" धाकटीने विचारलं.

"तुझी वाट बघायची असते का मी?" थोरली म्हणाली.

दोघी सख्ख्या जावा. घरातलं थोरली-धाकटी नोकरीतही चिकटलं होतं, नावं कुणी घेतच नसे. सव्वीस वर्षं थोरली इथे पेशंटच्या गाठींचे तुकडे मेणात बसवत, कापत, रंगवत आली होती. आठ वर्षांपूर्वी दिराची नोकरी गेली तेव्हा तिनेच डॉक्टरबाईंना गळ घालून धाकटीला इथे लावून दिलं. धाकटीकडे डिप्लोमा होता, पण हात नव्हता. ब्लॉक किती गार करायचा, चाक कुठे थांबवायचं, श्वास कधी रोखायचा, हे सगळं थोरलीने शिकवलं. धाकटी शिकली. इतकी शिकली की थोडी कमी शिकली असती तरी चाललं असतं, असं थोरलीला हल्ली रोज वाटायचं.

त्यात हा अभ्यास निघाला. डॉक्टरबाई अन्ननलिकेच्या कर्करोगामागे लागल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की गाठ किती मोठी एवढ्यावरून माणूस किती वर्षं काढेल ते नीट कळत नाही. गाठीची कड बघायला हवी. एखादीची कड सलग असते. एखादीच्या कडेवरून चार-चार, पाच-पाच पेशींचे पुंजके सुटून शेजारच्या चांगल्या भागात शिरलेले असतात, आणि ते लक्षण बरं नव्हे. शरीराच्या लढणाऱ्या पेशी त्या कडेशी जमल्यात का, मध्ये तंतू किती माजलेत, हेही मोजायचं. जुन्या दोनशे पेशंटचे ब्लॉक कपाटातून निघाले. कोण किती वर्षं जगलं ते फायलीत होतंच. नव्या पेशंटच्या रिपोर्टमध्येही आता कडेबद्दल दोन ओळी जायच्या.

"जिच्या हातच्या स्लाइड, तिचं नाव संशोधनाच्या पेपरमध्ये छापून येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "पण पाहुणा एकदाही चालणार नाही. एक जरी आला, तरी काम दुसऱ्या हातात." आणि सगळे ब्लॉक त्यांनी धाकटीच्या पुढ्यात ठेवले. नवं यंत्रसुद्धा.

पाहुणा म्हणजे परका तुकडा. एक ब्लॉक कापून झाला की पाण्यावर त्याचा एखादा कण तरंगत राहतो. टिशू पेपरने पाणी पुसून घेतलं नाही, तर तो पुढच्या पेशंटच्या स्लाइडवर जाऊन बसतो, आणि एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या दोनशेतले निम्मे ब्लॉक तिने स्वतः मेणात बसवलेले. सुटलेली कड तर ती बारा वर्षांपूर्वीपासून ओळखत होती. पण तिच्या मनातलं छापणार कोण? घरीही तीच तऱ्हा. सासूबाईंना चहा हवा तो धाकटीच्या हातचा. पाणी, साखर आणि पत्ती, त्यात हाताचा काय संबंध, असं थोरली नवऱ्याला विचारायची आणि तो शहाण्यासारखा वर्तमानपत्रात तोंड घालायचा.

तिच्याकडे एक गोष्ट तेवढी उरली होती. कुणीही कापलेली स्लाइड डॉक्टरबाईंकडे जाण्याआधी थोरलीच्या डोळ्याखालून जायची. ती मायक्रोस्कोपमधून बघायची, ब्लॉकशी ताडून घ्यायची आणि वहीत सही करायची.

साडेअकराला एकशे सतरा नंबर समोर आला. अन्ननलिकेची गाठ, नवा पेशंट. धाकटीने कापलेली. कड बघता बघता थोरलीचा हात थांबला. कडेपासून जरा बाजूला एक कण बसला होता, त्यात पेशींचे तीन-चार पुंजके. बाकीचं स्पष्ट दिसत असताना तो मात्र अंधुक, किंचित वर बसलेला. पाहुणा. नक्कीच पाहुणा.

आपल्याला बरं वाटलंय, हे तिला आधी कळलं, आणि ते आवडलं नाही, पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

तेवढ्यात रिपोर्टच्या खिडकीवर टकटक झाली. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी उभी होती.

"बाबांचा रिपोर्ट झाला का हो? एकशे सतरा. कालपासून त्यांना पाणीसुद्धा गिळवत नाहीये."

"दुपारी ये," थोरली म्हणाली.

ती जागेवर परतली. आत्ता हाक मारावी, "अगं, हे बघ," म्हणावं, की धाकटी जीभ चावून दुसरी स्लाइड कापील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. नाही मारली हाक तर डॉक्टरबाईंना दिसेलच. त्यांची नजर तीक्ष्ण आहे. दिसेल, आणि काम दुसऱ्या हातात येईल. आणि नाहीच दिसलं तर? हा विचार तिने पुरा केला नाही. वहीत सही केली आणि स्लाइड पाठवून दिली.

जेवणाच्या सुट्टीत थोरलीने डबा उघडला. समोर धाकटी आपल्या लेकीच्या परीक्षेचं काहीतरी सांगत होती.

सव्वादोनला डॉक्टरबाई स्वतः आल्या. हातात ती स्लाइड.

"मी लिहून बसले होते, कड सुटलेली म्हणून," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागत होता. "सही तेवढी राहिली होती. मग मोठं करून पाहिलं, तर त्या कणात हिरवी शाई दिसली. या पेशंटच्या तुकड्याला शाई लावलेलीच नाही. हे पाणी कुणाचं?"

हिरवी शाई! ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीची बाहेरची बाजू ओळखू यावी म्हणून शाई लावतात, आणि आजच्या ब्लॉकमध्ये हिरवी एकालाच होती. सकाळी पावणेआठला थोरलीने नव्या यंत्रावर कापलेल्या ब्लॉकला. चपला वाजल्या आणि ती उठली. पाणी पुसलंच नव्हतं.

धाकटीने भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. कुठल्या ब्लॉकला कुठली शाई आणि तो कुणी कापला, सगळं तिथे लिहिलेलं होतं. मग तिने थोरलीकडे पाहिलं. क्षणभरच.

"माझं पाणी, मॅडम," ती म्हणाली. "बसण्याआधी बघायला हवं होतं. चुकले मी."

आता खरं तर थोरलीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सगळं मनासारखं झालं होतं. पण छातीत असा काही जाळ उठला की तिचा तिलाच अचंबा वाटला. यंत्र हिचं, पेपरातलं नाव हिचं, सासूबाईंचा चहा हिचा. आणि आता माझी चूकसुद्धा हिनेच घ्यायची? मोठेपणाही हिचाच? घरी जाऊन ही एक अक्षर बोलणार नाही, आणि मी जन्मभर हिचं तोंड बघत बसायचं!

"तिचं काही नाही," थोरली जवळजवळ ओरडली. "तो कण माझा आहे. सकाळी ती यायच्या आधी मी बसले होते तिच्या यंत्रावर. पाणी मी पुसलं नाही."

"ताई, राहू द्या ना."

"तू गप्प बस. सगळं तूच करायचं असं नाही."

डॉक्टरबाईंनी वही उघडली. एकशे सतराच्या पुढे थोरलीची वळणदार सही.

"तपासलीत तुम्ही. तेव्हा दिसला नव्हता?"

नाही म्हणता आलं असतं. सव्वीस वर्षांत एकदा नजर चुकली, तर कोण काय म्हणणार होतं?

"दिसला होता," थोरली म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"तुम्हाला दिसला होता," त्या हळूच म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी वही मिटून धाकटीपुढे ठेवली. "उद्यापासून तपासणी हिच्याकडे. थोरल्या बाई रिपोर्टच्या खिडकीवर बसतील. आणि एकशे सतरा आत्ता परत काप."

धाकटीने पाणी पुसलं, एकदा, परत एकदा. ब्लॉक बसवला. थोरली निघून जाऊ शकली असती, पण उभी राहिली. रिबन उतरली, सलग, एकही चीर नाही. इतकी सरळ रिबन आपल्या हातून कधी उतरली होती का, हे थोरलीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. पोटात दुखलंच.

"चांगली आली," ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते तिचे.

रंगवून, वाळवून, बघून रिपोर्ट यायला साडेचार झाले. कड सलग, असं त्यात लिहिलं होतं. खिडकीवर बसायला उद्याची वाट कशाला बघायची म्हणून थोरली तिथेच बसली होती. मुलगी आली. पाकीट हातात घेऊन तिने ते उघडलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

"आजच दिलात. फार बरं झालं. तुम्हीच केलंत का हो हे?"

"नाही," थोरली म्हणाली. "माझ्या जावेने केलंय. ती आत आहे." आणि तिने पुढच्या माणसाची पावती घ्यायला हात पुढे केला.