तांबड्या बैलाचं उदाहरण

जुन्या कागदांचं वर्णन कसं लिहावं, याची पुस्तिका आमच्या नौबादच्या दप्तरखान्यात तयार होत होती. पुस्तिका कन्नडमध्ये, तिच्यावरून माझी आणि अच्युतरावसाहेबांची भांडणं मात्र मराठीत.

नियम चांगला होता. पोलिसांत खबर कोणी दिली ते लिहा, आणि ती कोणाबद्दल आहे तेही लिहा. अडलं उदाहरणावर. एखाद्या बाईच्या मृत्यूची फाइल घ्या, असं माझं म्हणणं.

"नेत्रा, मरण कामून घालायलीस? वर्णनं लिहिणारी पोरं बिचकतील. सोपं घे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बैल घेतला. 'खबर देणार: शिवप्रसाद, हुमनाबाद. विषय: बैलचोरी. बैल तांबडा, उजवं शिंग मोडकं.'

उदाहरण झकास होतं, तिथंच घात झाला. नियम वाचतो कोण? सगळे उदाहरणाबरहुकूम लिहीत सुटले: खबर देणाऱ्याचं नाव आणि विषय, बस्स.

पुढं नलिनीबाई यायला लागल्या. निवृत्त शिक्षिका. त्यांची धाकटी बहीण विभा मुडबीला सासरी जळून गेली होती. मरण्याआधी तिनं दवाखान्यात जबाब दिला होता, तो माहेरी कोणी कधी वाचून दाखवला नाही.

"शेवटी काय म्हणली ती, तेवढंच बघायचंय गं," त्या म्हणायच्या. कंप्युटरवर विभा हे नाव कुठंच निघेना.

शेवटी मी मुडबीच्या सगळ्या नोंदी चाळल्या. 'खबर देणार: राघोबा, मुडबी. विषय: स्टोव्हचा भडका.' राघोबा म्हणजे विभाचा सासरा. विभाचं नाव नाही. पुढं शेरा: 'किरकोळ. रद्दी.' वर्णन वाचूनच फाइल निकालात काढली होती, आणि विभाच्या जबाबासकट कागदाचा केव्हाच लगदा झाला होता.

माझं डोकं फिरलं. साहेबांच्या टेबलावर पुस्तिका आपटली. "नियमात तर हाय की," ते पुटपुटले. मग म्हणाले, "उदाहरण बदलून टाकू." बैल गेला आणि झोपा केला!

नलिनीबाईंना मीच सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पुस्तिका मागून घेतली आणि शाळेत वाचतात तसं ओळीवर बोट ठेवून ते बैलाचं पान वाचलं.

"शिंगसुद्धा लिव्हलंय," त्या म्हणाल्या. पुस्तिका मिटून विचारलं, "मग सापडला का गं त्याचा बैल?"

तसा बैल कधी नव्हताच. साहेबांनी तो मनानंच रचला होता.