सातवी ब मधला स्वल्पविराम

मला राग आला की आधी नाकावर दिसतो, असं आई म्हणते. त्या सकाळी तो तिथे ठळक बसलेला होता. आमच्या मुख्याध्यापिका नलिनीबाईंनी तो पाहिला आणि सरळ कानाडोळा केला.

"श्वेता, डोकं शांत ठेव आणि ऐक," त्या म्हणाल्या. "काल शेवटच्या तासाला मी तुझ्या सातवी ब मध्ये जाऊन आलेय. तू प्रश्न विचारलास की वर्गातला प्रत्येक हात वर जाईल. येतं त्याचा उजवा, येत नाही त्याचा डावा. तू फक्त उजवे उठवायचे."

"बाई, माझ्या मुलांना कॉमा येतो. हे नाटक कशाला?"

"येतो ते तुला माहीत गं. शरच्चंद्र सरांना कोण सांगणार? नेमकं नको ते कार्टं उठलं तर लागली ना वाट?"

ही युक्ती काही बाईंची नव्हे. तपासणी आली की कित्येक शाळांत ती गुपचूप बाहेर निघते, दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी. वरून बघणाऱ्याला वाटतं, काय हुशार वर्ग आहे, एकही हात खाली नाही! मला ती तेव्हाही आवडत नव्हती, आजही आवडत नाही. पण त्या दिवशी बाईंशी भांडायची माझी हिंमत झाली नाही, कारण माझी नोकरी टांगणीला लागलेली होती.

मुलुंडची आमची शाळा मराठी माध्यमाची, आता सेमी-इंग्लिश. मुलं कमी झाली म्हणून संस्थेने ठरवलं की इंग्रजीला एकच कायम शिक्षक ठेवायचा. मी तीन वर्षं हंगामी. मला कायम करायचं की बाहेरून कुणी आणायचं, ते शरच्चंद्र सर माझा एक पाठ बघून ठरवणार होते. सर संस्थेचे विश्वस्त, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. अंधेरीतल्या एसी ऑफिसात बसून साबण आणि शाम्पूची वर्णनं लिहिण्याचं काम मी या शाळेसाठी सोडलं होतं. परत तिकडे जायची कल्पनाही मला नको वाटायची.

सकाळी नाहूरच्या घरातून निघताना आईने हातावर दही ठेवलं. "भिया नको गो," ती म्हणाली. "तुका येता ता सगळ्यांका दिसतला." मी मान डोलावली. तिने शेजारी-पाजारी आधीच सांगून टाकलं होतं की पोरगी कायम होणार.

सर आले ते थेट मागच्या बाकावर, सिद्धेशच्या शेजारी जाऊन बसले. सिद्धेश मुलगा गुणी, पण इंग्रजी वाक्य पाहिलं की त्याचा चेहरा परीक्षेत पेन हरवल्यासारखा होतो. नलिनीबाई पुढच्या दारात उभ्या राहिल्या.

मी फळ्यावर स्वल्पविरामांशिवाय वाक्य लिहिलं. वी बॉट राइस डाळ सॉल्ट अँड ऑइल.

"कॉमा कुठे येईल? कोण सांगेल?"

सगळा वर्ग हात वर करून बसला. बहुतेक डावे होते. परवापर्यंत ज्यांना येत होतं, त्यांचं एका रात्रीत काय झालं? उजवे थोडेच दिसले. त्यात चैतन्यचा होता. चैतन्यचा? मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. म्हटलं, घरी अभ्यास केला असेल.

चैतन्य आला, खडू घेतला आणि दिसेल त्या शब्दामागे कॉमा ठोकत गेला. वी, बॉट, राइस, डाळ. शेवटी ऑइलनंतरही एक दिला आणि माझ्याकडे बघून हसला. मागे सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"बस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. चुका पुसून मी वाक्य दुरुस्त केलं आणि घाईघाईने दुसरं लिहिलं. माय अंकल अ टेलर लिव्हज इन गोवंडी.

पुन्हा सगळे हात. सरांच्या शेजारी सिद्धेशचा उजवा हात ताठ वर होता. सर त्याच्याकडेच बघत होते. त्याला वगळलं असतं तर ते लगेच कळलं असतं. मी त्याला बोलावलं.

तो सावकाश आला. अंकलनंतर त्याने एक कॉमा दिला आणि थांबला. पुढे काहीच नाही.

मी दाराकडे पाहिलं. नलिनीबाई लालबुंद झाल्या होत्या. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर करून मला खुणावलं, उजवे, उजवे! आणि बाईंचा हात वर गेलेला पाहताच पहिल्या रांगेतल्या दोन पोरींनी पटकन डावा हात वर केला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचे कवायतीचे काशीराम सर ओट्यावर मुलांकडे तोंड करून उभे राहतात आणि सांगतात, मी आरसा आहे. सरांचा उजवा वर गेला की मुलांचा डावा. पाचवीपासून ही मुलं रोज सकाळी तेच करत आली आहेत. काल बाईंनी वर्गासमोर उभं राहून आपला उजवा हात उचलला असणार, येतं त्याने हा हात. मुलांनी आरशासारखा डावा उचलला. समोरून बाईंना तो आपल्याच बाजूचा दिसला, त्या खूश होऊन निघून गेल्या. म्हणजे मी आतापर्यंत वेचून वेचून ज्यांना येत नाही त्यांनाच उठवत होते. आणि तेजल, जी माझ्या चुका काढते, ती बिचारी कधीची डावा हात धरून बसली होती!

सुटायचं सोपं होतं. सिद्धेशला खाली पाठवायचं आणि डावे हात उठवायचे. पण तो खडू धरून उभा होता, कान लाल झालेले, आणि सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. त्याला तसाच परत धाडणं माझ्या जिवावर आलं.

"सिद्धेश, तुझा डबा कसा आहे? स्टीलचा ना?"

"हो मिस."

"त्याला खिट्ट्या किती?"

"दोन. इकडे एक, तिकडे एक."

"एकच लावली तर?"

"आमटी सांडते."

काही मुलं हसली. मी हसले नाही. "या वाक्यात अ टेलर ही आमटी आहे. ती मध्ये भरलीय. काढून ठेवली तरी वाक्य चालतं, माय अंकल लिव्हज इन गोवंडी. तू एकच खिट्टी लावलीस."

तो फळ्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते. मग त्याने टेलरनंतर दुसरा कॉमा दिला, इतका जोरात की खडू मोडला. तो जागेवर गेला. सरांचा चेहरा जसाच्या तसा होता.

पुढच्या वाक्याला मी तेजलचा डावा हात उठवला. तिने एका दमात अचूक कॉमा दिले. त्यानंतर आणखी एक डावा, तोही बरोबर. नलिनीबाईंनी गोंधळून आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. गाडी रुळावर येत होती.

तेवढ्यात सर उठले. "एक वाक्य मी देतो," ते म्हणाले. "विद्यार्थी तुम्ही निवडा. मग मी माझा निर्णय लिहून टाकतो."

त्यांनी फळ्यावर लिहिलं, अवर नेबर अ रिटायर्ड ड्रायव्हर मेक्स गुड टी. आणि तिथेच फळ्याशेजारी हाताची घडी घालून उभे राहिले.

हात वर गेले. तेजल तर बाकावरून अर्धी उठली होती. तिचं नाव घेतलं की संपलं, जागा माझी. मी तोंड उघडलं आणि मागच्या बाकावर लक्ष गेलं. सिद्धेशचा हात वर होता, आणि या वेळी तो डावा होता.

खरं सांगते, मला त्याचा राग आला. आत्ताच शहाणपण सुचायचं होतं का तुला? या एका वाक्यावर माझं पोट अवलंबून, आणि तुझी खिट्टी तर कालचीही नाही, आत्ताची. पण त्याने उजवा खाली घेऊन डावा वर केला होता. ते काही कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं करणं मला जमेना.

"सिद्धेश," मी म्हणाले.

तेजल धपकन खाली बसली. नलिनीबाईंनी डोळे मिटले.

तो आला. नेबरनंतर कॉमा दिला. मग थांबला. खडू हवेतच. माझे हात पदराशी चाळा करत होते, ते मी मागे बांधले. तो पुटपुटला, अवर नेबर मेक्स गुड टी, आणि ड्रायव्हरनंतर दुसरा कॉमा दिला.

"बरोबर," सर म्हणाले. मग वाकून त्याला विचारलं, "मघाशी माझ्या शेजारी तू उजवा हात वर केला होतास. आता डावा. असं का?"

"हात दुखला असेल पोराचा," दारातून नलिनीबाई म्हणाल्या.

सरांनी तिकडे पाहिलं नाही. सिद्धेशने माझ्याकडे पाहिलं. तो एका शब्दात माझी तीन वर्षं बुडवू शकत होता, आणि त्याला ते कळत होतं, म्हणूनच तो गप्प होता. त्याच्या डोळ्यांतली भीती मला बघवेना.

"जे आहे ते सांग, बाळा," मी म्हणाले.

"सर, मघाशी येत नव्हतं," तो म्हणाला. "आता येतं."

सर सरळ झाले. वर्गभर बघत गेले. डावे हात अजून वरच होते, आणि अधूनमधून उजवेही. त्यांना सगळं उमगलं, ते त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांत दिसलं. नलिनीबाई दारातून नाहीशा झाल्या होत्या. संपलं, मी मनात म्हटलं, आता परत अंधेरी.

"उजवे हात अजून बरेच आहेत, श्वेताबाई," सर म्हणाले.

"हो, सर."

"त्यांचेही असेच बदलून घ्या. मग ऑफिसात या. तुमच्या नेमणुकीवर सही करायची आहे, ती मी तुमच्यासमोर करीन. नलिनीबाईंशी मात्र आधी बोलतो."

ते गेले. मी फळ्याकडे तोंड केलं, कारण डोळे भरून आले होते आणि मुलांना ते दाखवायचे नव्हते. वाक्य पुसलं. नाक पुसलं. मग वळून म्हणाले, "उजव्या हातवाल्यांनी पुढे या रे सगळे." सगळ्यात आधी चैतन्य आला.