साखर आहे त गोड बोला

परातीतली सगळ्यात जाड, पाकानं निथळणारी जिलेबी उज्वलानं उचलली आणि ती थेट बंडूजींच्या ताटाशी जाऊन उभी राहिली. बंडूजी म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. तिच्या लेकीचं, खुशीचं साक्षगंध आटोपलं होतं, अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि सिंदीच्या त्या सभागृहात पंगत रंगात आली होती. याच घडीची उज्वला सकाळपासून वाट बघत होती. सकाळपासून कसली, स्वतःचं लग्न झालं तेव्हापासून.

तिच्या लग्नात याच बंडूजींनी तिच्या वडिलांना भर पंगतीत जिलेब्या भरवल्या होत्या. लक्ष्मणराव बिचारे हात जोडून सांगत होते, मले साखर आहे. त्यावर हा धिप्पाड माणूस पोट हलवत हसला होता, "साखर आहे त गोड बोला. मुलीवाल्यानं नाई म्हणू नाई." पंगत खदाखदा हसली आणि बाबांनी मुकाट तोंड उघडलं. पुढे दर दिवाळीला, दर बारशाला तोच तमाशा. शेवटी बाबांचा पाय कापावा लागला, मग बाबाच गेले. डॉक्टर म्हणाले, आजार जुना होता. असेल. पण उज्वलाच्या डोळ्यांपुढे कायम ते उघडलेलं तोंड यायचं. तिनं बंडूजींना माफ केलं नव्हतं आणि करायचं मनातही नव्हतं.

मग बंडूजींनाच साखर लागली. नागपूरला जाऊन ते पोट लहान करायचं ऑपरेशन करून आले. वर्षभरात अर्धे झाले, गोळ्या सुटल्या. साखर नागपुरातच सोडून आलो, असं गावभर सांगत फिरले. गोळ्या खाणाऱ्यांना बावळट म्हणायचे; बापाची साखर वारशानं आलेल्या उज्वलालाही. डॉक्टरांनी जन्मभर घ्यायला सांगितलेली ताकदीची औषधं मात्र त्यांनी दुसऱ्याच वर्षी फेकून दिली.

त्याला आता दहाएक वर्षं झाली होती. पायांना मुंग्या यायच्या, चप्पल निसटली तरी कळायचं नाही. गोड पोटात गेलं की दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, होते तिथंच आडवं व्हावं लागायचं. आणि गेल्या वर्षापासून साखरही परत आली होती. हे सगळं जाऊबाई रंभानं रडत रडत सांगितलं होतं; कोणाले सांगू नको, ह्यायची इज्जत जाईन. उज्वलानं कोणाला सांगितलं नाही. जपून ठेवलं.

"दादा, आ करा," ती म्हणाली.

भासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी सून हातात घास घेऊन उभी, हे बघून पंगतीतल्या माना वळल्या. बंडूजींनी ताटावर हात आडवा धरला आणि पोट भरल्याचं सांगून पाहिलं. पुतणीच्या साक्षगंधाला तोंड गोड करत नाही का, असं तिनं विचारलं. त्यांनी मुलाकडच्या मंडळींवरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणला.

"उज्वला, मले साखर आहे."

हेच हवं होतं तिला. अगदी हेच शब्द.

"साखर आहे त गोड बोला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मुलाकडचे हसले. बंडूजींनी वर बघितलं. त्यांना आठवलं होतं, तिला ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी मुकाट तोंड उघडलं आणि तिनं अख्खी जिलेबी आत सारली. थोड्याच वेळात त्यांचं कपाळ घामानं थबथबलं, हात थरथरायला लागले. रंभा त्यांना धरून बाजूच्या खोलीत घेऊन गेली. उज्वलाला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

"आग्रह असावा त असा!" नवऱ्या मुलाचे काका योगेंद्र हातात जिलेबी घेऊन उठले. "आता मुलीच्या आईची पाळी."

उज्वलाचे हात आपोआप जोडले गेले. वाक्य ओठांवर आलं होतं.

"साखर-बिखर नका सांगू बाई," काका हसले. "त्याचा जवाब तुम्हीच देल्ला ना आत्ता."

सगळी पंगत तिच्याकडे बघत होती. तिनं तोंड उघडलं. पाक हनुवटीवर ओघळला आणि एकच हशा झाला.

खुशी तेवढी हसत नव्हती. ती आपल्या होणाऱ्या चुलतसासऱ्यांकडे एकटक बघत होती. ती नजर उज्वलाच्या चांगल्या ओळखीची होती.