काचेतली बोट

पश्चिमेला ताम्रवर्ण संध्या. तांबूस पाणी, तांबूस धूर, धक्क्याला टेकलेल्या जहाजांची तांबूस पोटे. बंदराच्या शहराला एकच रंग परवडत असावा, असा तो प्रहर.

टेकाडावर युद्धस्मारक. कृष्णपाषाणी, निश्चल, निःशब्द. हुतात्म्यांसाठी अखंड ज्योत, पाहुण्यांसाठी अखंड सूचना. गवतावर चालू नये. मोठ्याने बोलू नये. तोफेच्या नळीवरचे समुद्रपक्षी मात्र, वाचता येत नसल्यामुळे, खुशाल बोलत बसलेले.

मधोमध काचेचे दालन. दालनात, लढाईत बुडालेल्या बोटीची धातूची प्रतिकृती. आणि दालनाभोवती चंपावती तांडेल. एक फेरी, दुसरी फेरी, पुन्हा फेरी. चंचल पाऊल, चंचल पदर, चंचल नजर. स्थिर एकच, कपाळावरचे कुंकू.

त्या बोटीवर तिचा नवरा होता. बोट गेली, देह आला नाही. सरकारने त्याला केव्हाच हुतात्मा केले. कुंकवाने अजून संमती दिली नव्हती. उद्या भटजी पळसाच्या पानांचा देह रचणार, त्याला अग्नी देणार. मग कपाळ पुसायचे. "आधी त्यांचं ठिकाण बघीन," एवढेच ती म्हणाली. म्हणून धाकटा दीर वामन, गुडघे दुखत असताना, तिला इथे घेऊन आलेला.

"वहिनी, टेका की जरा. देवळातसुद्धा एवढ्या प्रदक्षिणा घालत नाही तुम्ही."

"भावजी, या बोटीचं तोंड कुठं आहे?"

"समुद्राकडं. करणाऱ्याला तेच शूर वाटलं असेल."

"मग ही अजून चाललीच आहे. चाललेल्या बोटीवरच्या माणसाला अग्नी कसा द्यायचा?"

त्यांच्या किनाऱ्याची रीतच तशी. जाणाऱ्या बोटीचे तोंड लाटेकडे, परतणाऱ्या बोटीचे तोंड उंबऱ्याकडे. आणि परतणारीचा दोर झेलायचा तो घरच्या बाईने. दोर झेलला, की सफर संपली. त्याआधी नाही.

ती पहाऱ्यावरच्या नौसैनिकाकडे वळली. "बाळा, हिला जरा फिरवशील?"

त्याने गांभीर्याने विचार केला. "आजी, त्याला दिल्लीहून हुकूम लागतो. आणि काचेला हात लावू नका."

"दिल्लीला समुद्र आहे का रे?"

"नाही, आजी."

"तरीच."

पुन्हा फेरी. पुन्हा तेच पाठमोरे जहाज, पुन्हा तीच दूर जाणारी डोलकाठी. संध्या तांबूस, मग राखी, मग नुसती ओली. वामनने चपला शोधल्या. ती बोटीच्या पाठीशी उभी, हलेना.

आणि दालनात दिवा लागला.

बाहेर घननील काळोख, आत सुवर्णपीत उजेड. समुद्राकडची काच क्षणात काळ्या पाण्यासारखी झाली, आणि त्या पाण्यात, दूर, खोल, दुसरी एक बोट उमटली. तिचे तोंड किनाऱ्याकडे. तिचे तोंड चंपावतीकडे.

"आली," ती म्हणाली. मोठ्याने. नौसैनिकाने सूचनेकडे पाहिले आणि तो दुसरीकडे पाहू लागला.

"भावजी, उद्या भटजींना येऊ द्या."

मग, काचेला न लावता, तिने हात पुढे केला. तळवा उघडा, बोटे ताठ, जसा धक्क्यावर करतात. काळ्या पाण्यातून बोट येत राहिली, येत राहिली. आणि हळूहळू, न दिसणाऱ्या दोरावर, मूठ मिटली.